हातचं राखून

सकाळी उणे एकोणतीस.
खिडकीबाहेरच्या तापमापकाला टिचकी मारून पाहिली,
पारा काही लाजला नाही.

ओउलूहून पहाटेच्या बसनं पोरगा आला.
नाव ओत्सो. भुवयांवर हिमाचा चुरा,
खिशात नोटा, पायांत भलतेच पातळ बूट.
जाहिरातीत मी लिहिलं होतं:
व्होल्व्हो अमेझॉन, सहासष्टची, एकाच मालकिणीची.
हे नव्हतं लिहिलं
की डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत दिवा धरला
आणि लायसन काढून घेतलं,
शाळेत गोट्या जप्त करतात तसं.

शेडचं दार बर्फानं धरून ठेवलेलं.
आधी फावडं, मग खांदा.
आत ती, फिकी निळी, बॉनेटवर रेनडिअरचं कातडं.
टपालाची पिशवी एकतीस वर्षं जिथं घासली
तिथला रंग गेलाय,
खालचा पत्रा कोपरासारखा गुळगुळीत.

ओत्सो बसला. किल्ली फिरवली.
घुं.
मग अर्धा घुं.
मग नुसतीच टक्.
चोक ओढून पाहिला, ढकलून पाहिला,
ॲक्सिलरेटरवर पाय आपटले, पेट्रोलचा वास सुटला.
गाडी ढिम्म.

मी शेजारी उभी, हात काखेत.
ती काय मागते ते मला ठाऊक होतं,
पण ताकास तूर लागू दिली नाही.
उलट म्हणाले, जुनी झाली रे,
म्हातारं माणूस आणि म्हातारी गाडी,
थंडीत दोघांचं काही खरं नसतं.
खाई त्याला खवखवे:
माझे कान तापले,
त्या शेडमध्ये तेवढीच एक ऊब.
मनात म्हणत होते, उठू नकोस बाई, पडून राहा.
दोनची बस आहे. जाईल तो.

तो गेला नाही.
किंमतही पाडून मागितली नाही.
बॅटरी सोडवली, पोटाशी धरून स्वयंपाकघरात आणली,
चुलीशेजारी वर्तमानपत्रावर ठेवली.
मी कॉफी ओतली.
विचारलं त्यानं, सगळ्यात शेवटचं घर कोणतं असायचं?
म्हटलं, नदीपलीकडचे तिघे भाऊ, पेक्कालाचे.
त्यांना कधीच पत्र येत नसे,
पण वळणावर मी हॉर्न द्यायची,
मग तिन्ही खिडक्यांत तीन हात हलायचे.
तो हसला नाही.
हॉर्न अजून वाजतो? एवढंच म्हणाला.

दुपारी पत्र्याच्या ताटात निखारे घेतले,
इंजिनाच्या पोटाखाली सरकवले.
त्यानं अंगातला कोट काढला, इंजिनावर पांघरला
आणि नुसत्या स्वेटरवर कुडकुडत
बॅटरीची तार आवळताना पुटपुटला,
सॉरी हं, हात गार आहेत.
मला नाही. गाडीला.

थांब, मी म्हणाले.
पाय काढ त्या पॅडलवरून.
आधी दिवे लाव. हो, दिवसाउजेडी.
वीस मोज, बॅटरीला जाग येऊ दे.
विझव. आता क्लच तळापर्यंत,
गिअरमधलं तेल गोठलंय, त्याचं ओझं नको तिच्यावर.
चोक पूर्ण. ॲक्सिलरेटर एकदा. एकदाच म्हटलं ना.
किल्ली. ती कण्हेल,
सोडू नकोस,
कण्हू दे, सोडू नकोस.

खोकली. निळा धूर.
एक सिलिंडर कामावर आला, मग दुसरा,
मग उरलेले दोघे, उशिरा, कुरकुरत.

त्याचा कोट बाहेर काढला तर काखेत तेलाचा डाग.
तो कोटाकडे बघेना.
आधीच का नाही सांगितलंत, हेही विचारलं नाही,
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नोटा मी दोनदा मोजल्या, डोळ्यांजवळ नेऊन.
लाल दिवे बर्चच्या झाडांआड गेले
की आधीच माझ्या डोळ्यांतून गेले, कोण जाणे.
मग नदीच्या वळणावर हॉर्न वाजला.
लांबलचक.
तिथं आता कुणी राहत नाही.

शेडमध्ये निखारे अजून लाल होते.
ताट उचलून घरात आणलं.
वाया कशाला घालवायचे.